छतावर फोम मारलाय आणि घर तारण ठेवून धंद्याला कर्ज हवंय? मग आधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालमत्ता तारण कर्जाबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून एक मुद्दा मी मुद्दाम इथे लिहायला ठेवला होता. मुद्दा छोटा वाटतो, पण त्यापायी एका घराचे चार महिने आणि दीड लाख रुपये गेलेले मी जवळून पाहिलेत. मुद्दा आहे घराच्या छताचा.

आमच्या वाघोलीच्या बॅचमध्ये एक दादा होते. सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी, आणि वहिनी घरून पॅकिंगचं काम घ्यायच्या. दोघांनी मिळून पुठ्ठ्याचे खोके बनवायचा धंदा ठरवला. निर्णय चांगलाच होता. नगर रोडला सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत कारखाने आहेत, मधे गोदामं आहेत, खोक्यांना गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. मशीनसाठी वीस लाख हवे होते. स्वतःचं दोन गुंठ्यांतलं घर होतं, तेच तारण ठेवायचं ठरलं. कर्ज होणारच अशी खात्री होती, म्हणून मशीनवाल्याला दीड लाख ॲडव्हान्सही देऊन टाकला.

बँकेचा व्हॅल्यूअर आला. घर फिरून पाहिलं, वर गेला, छताकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, स्लॅब कुठंय?"

दादा म्हणाले, "साहेब, हाच की."

"हा फोम आहे. खाली पीओपी आहे. मला स्लॅब दाखवा."

झालं होतं असं की दोन वर्षांपूर्वी गच्ची गळत होती आणि उन्हाळ्यात वरची पत्र्याची खोली तापायची. कुणीतरी सांगितलं, पीयू फोम मारून घ्या, गळतीही जाईल आणि गारवाही राहील. मग गच्चीच्या स्लॅबवर वरून फोम मारला, पत्र्याच्या खोलीत पत्र्याला आतून फोम मारला, आणि खालच्या हॉलमध्ये ओलीचे डाग दिसत होते म्हणून पीओपी करून घेतलं. घर छान दिसायला लागलं. पण स्लॅब आता वरूनही दिसत नव्हता आणि खालूनही दिसत नव्हता. व्हॅल्यूअरने रिपोर्टमध्ये लिहिलं की छताची अवस्था तपासता आली नाही. फाईल तिथेच अडकली.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी बँक अशी का वागते ते समजून घेऊ, कारण ते समजलं की अर्धी भांडणं टळतात.

हा फोम म्हणजे नक्की काय?

दोन रसायनं असतात, आयसोसायनेट आणि पॉलिओल. पंपातून दोन्ही एकाच नळीच्या तोंडाशी येतात, फवारली जातात, आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. त्यालाच आपल्याकडे कुणी पीयू फोम म्हणतं, कुणी पफ म्हणतं, कुणी स्प्रे फोम.

त्याचे दोन प्रकार आहेत. एक मऊ, स्पंजासारखा. त्यातून हवा आणि बाष्प जातं. दुसरा कडक. त्यात बंद बुडबुडे असतात, उष्णता चांगली अडते आणि पाणीही सहसा आत जात नाही. गच्चीवर कडक प्रकारच वापरतात. मात्र उन्हाने फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो, म्हणून वरून कोटिंग लागतंच. आणि फोमला आग लागली तर दाट विषारी धूर होतो, म्हणून राहत्या खोलीत आतून मारलेला फोम उघडा ठेवायचा नसतो.

वस्तू वाईट नाही. कोल्ड स्टोरेजला, कारखान्याच्या शेडला तिचा उपयोग होतोच. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा पत्र्याखाली काम करणाऱ्या माणसाला विचारा फोमची किंमत काय ती. अडचण वेगळी आहे. फोम एकदा चिकटला की सोलून काढणं अवघड, आणि तो ज्यावर चिकटतो ते सगळं झाकून टाकतो. कर्जाच्या वेळी नेमकं हेच आडवं येतं.

इंग्लंडमध्ये काय घडलं

हा प्रश्न सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये उभा राहिला. तिथे घरांना उतरती छपरं असतात. वर कौलं किंवा दगडी फरश्या, खाली लाकडी वासे आणि मधे पोटमाळा. थंडीत घरातली ऊब छपरातून निघून जाते, म्हणून हजारो लोकांनी कौलांच्या आणि वाशांच्या आतल्या बाजूने फोम मारून घेतला. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानाची योजना होती, तिचं नाव ग्रीन होम्स ग्रँट. घर ऊबदार करायच्या कामाच्या खर्चाचे दोन तृतीयांश पैसे, ५,००० पौंडांपर्यंत, सरकार द्यायचं. कमी उत्पन्नाच्या घरांना १०,००० पौंडांपर्यंत. काही लोकांनी त्या पैशातूनही फोम मारून घेतला.

मग यातली काही घरं विकायला निघाली, काहींवर म्हातारपणी कर्ज घ्यायची वेळ आली. सर्व्हेयर आला, पोटमाळ्यावर चढला, आणि त्याला वासे दिसेनात. लाकूड सुकं आहे की कुजलंय हे सांगता येईना. शिवाय घरातली वाफ वर जाऊन थंड लाकडाशी अडकली तर ओल धरते, ही भीती होतीच. सर्व्हेयरने "खात्री देता येत नाही" असं लिहिलं आणि कर्ज अडकलं. २०२४ मध्ये बीबीसीने मोठ्या कर्जसंस्थांकडे चौकशी केली, तेव्हा साधारण पाव संस्थांनी सांगितलं की छतात फोम असेल तर आम्ही कर्जच देत नाही.

यात आणखी एक धंदा उभा राहिला तो बघा. ज्यांनी फोम मारला त्यांच्या दारात आता "आम्ही फोम काढून देतो" म्हणणारे आले. घाबरवून पैसे काढणारेही त्यात होते. शेवटी तिथल्या सर्व्हेयरांच्या संस्थेने, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सने, २०२३ मध्ये घरमालकांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा सूर साधा होता. फोम आहे म्हणजे घर बाद असं नाही. पण आधी नीट तपासणी, कागद आणि सल्ला, मग काय तो निर्णय.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्या घरांपैकी कित्येकांचे वासे ठणठणीत असतील. पण ते सिद्ध करता येत नव्हतं, आणि सिद्ध करता येत नाही ते कर्जाच्या हिशेबात धरलं जात नाही.

आपल्याकडे बँक छत का बघते?

आपल्याकडे लाकडी वाशांची घरं आता कमी. आपल्याकडे स्लॅब, पत्रा, आणि गावठाणात जुन्या भिंती. पण बँकेचा विचार तोच असतो.

घर तारण ठेवताना बँक दोन माणसं पाठवते. एक वकील, तो कागद बघतो. त्याला म्हणतात लीगल. दुसरा व्हॅल्यूअर, तो घर बघतो. त्याला म्हणतात टेक्निकल. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले तरच फाईल पुढे सरकते. व्हॅल्यूअर मुख्यतः तीन गोष्टी लिहितो.

पहिली, घराची आजची किंमत. जागेची किंमत वेगळी, बांधकामाची वेगळी, आणि बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा.

दुसरी, घाईत विकलं तर काय येईल ती किंमत. कारण हप्ते थांबले तर बँकेला घर विकून पैसे वसूल करायचे असतात. सरफेसी कायदा २००२ चा आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत धरतात, मग ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर ताब्याची कारवाई. म्हणजे बँक तुमच्या घराकडे पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघते.

तिसरी, आणि इथे फोम आडवा येतो. ती म्हणजे घराचं उरलेलं आयुष्य. हे घर अजून किती वर्षं उभं राहील? नीट बांधलेल्या आरसीसी घराचं एकूण आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात. कर्जाची मुदत या उरलेल्या आयुष्याच्या आत संपायला हवी असा बँकेचा आग्रह असतो. स्लॅब दिसला नाही, सळया गंजल्यात की नाही हे कळलं नाही, तर व्हॅल्यूअर आयुष्य कमी लिहितो किंवा लिहीतच नाही. पत्र्याच्या छपरालाही हेच लागू. फोमने अँगल आणि पाइप झाकले गेले की जोड गंजलाय का ते दिसत नाही.

मुदत कमी झाल्याने काय होतं ते आकड्यात बघू. समजा वीस लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के.

१५ वर्षांची मुदत मिळाली तर हप्ता साधारण २१,५०० रुपये.
७ वर्षांची मिळाली तर हप्ता साधारण ३३,२०० रुपये.

महिन्याला पावणेबारा हजारांचा फरक. नवीन धंद्यात पहिल्या वर्षी हा फरक म्हणजे एका कामगाराचा पगार. व्याजाचा दर तोच, मशीन तेच, घर तेच. फक्त छत झाकलेलं होतं, म्हणून धंद्याच्या गळ्यात एवढा जास्तीचा दगड.

वाघोलीत फोमच्या आधी कागद

आता वाघोलीबद्दल स्पष्ट बोलू, कारण आपले बरेच वाचक नगर रोडच्या पट्ट्यातले आहेत. इथे बऱ्याचदा छताच्या आधी कागदच अडकतो. आणि दोन्ही एकदम अडकले की माणूस खचतो.

वाघोली ३० जून २०२१ ला बावीस इतर गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. त्याआधी ग्रामपंचायत होती, आणि २०१५ पासून पीएमआरडीएही होती. म्हणजे तुमचं घर कधी बांधलं त्यावर परवानगी कुणाची हवी ते ठरतं. वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

इथे लोक तीन ठिकाणी चुकतात.

एक, घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी असं धरून चालतात. कर भरल्याची पावती म्हणजे फक्त कर भरला याचा पुरावा. बांधकामाला परवानगी होती हे त्यातून सिद्ध होत नाही. मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला वेगळा लागतो.

दोन, गुंठ्याने घेतलेली जागा. सातबारावर अजून शेती लिहिलेली असेल तर बँक मागे सरते. त्याचं कारण ऐकून घ्या. सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. म्हणजे जे वसूल करता येणार नाही ते तारण बँकेच्या कामाचं नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तुमची जागा त्यात बसते का, हे वकिलाकडून आणि महापालिकेकडून तपासून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

तीन, वरचा मजला. नकाशात तळमजला आणि पहिला मजला, आणि प्रत्यक्षात वर पत्र्याची खोली. नकाशात नसलेल्या खोलीची किंमत व्हॅल्यूअर शून्य धरतो. तिला लाखभर रुपये खर्चून फोम मारलेला असला तरी शून्यच.

आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. ताईला सहीच्या आदल्या दिवशी फोन करू नका. आधी घरी जाऊन बसा, चहा घ्या, किती कर्ज, किती वर्षं, बुडालं तर काय होईल, सगळं सांगा. तिचाही त्या घरात हक्क आहे.

फोम मारायच्या आधी काय कराल?

पुढच्या दोन-तीन वर्षांत घर तारण ठेवायचा विचार असेल तर हे टिपून ठेवा.

१. गळतीचं कारण आधी शोधा. पाइपच्या कडेने पाणी येतंय, पॅरापेटला भेग आहे की टाकीखालून झिरपतंय? कारण न शोधता वरून फोम मारला तर डाग जातो आणि पाणी आतच फिरतं. सळई आत गंजत राहते.

२. काढता येईल असा उपाय आधी बघा. गच्चीवर पांढरा उष्णता परतवणारा रंग आहे, चायना मोझॅक आहे, जुना विटांचा कोबा आहे. पत्र्याच्या शेडला पफ पॅनेल आहेत, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे कारखान्यातच भरलेला फोम. ती स्क्रूने बसतात, स्क्रूने निघतात. खालचा अँगल उघडा राहतो, व्हॅल्यूअरला दिसतो. फवारलेल्या फोममध्ये आणि पॅनेलमध्ये हा फरक मोठा आहे.

३. एका वेळी दोन्ही बाजू झाकू नका. वर फोम हवा असेल तर खालचं पीओपी थांबवा, निदान प्रत्येक खोलीत एक उघडता येणारी झडप ठेवा.

४. झाकण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. तारखेसकट. प्रत्येक कोपरा, प्रत्येक बीम, प्रत्येक भेग. मोबाईल तुमच्या हातातच आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

५. पक्कं बिल घ्या. कुठला फोम, किती जाड, घनता किती, वर कोणतं कोटिंग, किती वर्षांची वॉरंटी, कुणी काम केलं. कच्च्या चिठ्ठीवर काम केलं तर दोन हजार वाचतात आणि नंतर दोन लाखांचं कर्ज अडतं.

फोम आधीच मारलेला असेल तर?

घाबरू नका. आणि लगेच कुणाला बोलावून सगळा फोम खरवडूनही काढू नका. त्यात स्लॅबचं कोटिंग आणि पत्रा दोन्ही खराब होतं, आणि पैसे दोनदा जातात. पायरी पायरीने चला.

पहिली पायरी: बँकेत अर्ज करण्याआधीच शाखेत जाऊन स्पष्ट सांगा. "साहेब, गच्चीवर पीयू फोम आहे. तुमचा व्हॅल्यूअर काय मागेल?" लपवलेलं व्हॅल्यूअरला दिसतंच, आणि लपवलं हे दिसलं की बाकीच्या कागदांवरही संशय येतो.

दुसरी पायरी: स्वतः एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या. परवानाधारक हवा. फोम मारणाऱ्याच्या ओळखीतला नको आणि फोम काढणाऱ्याच्याही ओळखीतला नको. ज्याला फोम लावून किंवा काढून पैसे मिळतात त्याचा रिपोर्ट बँक मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. इंग्लंडच्या गोष्टीतून एवढं तर शिकूच.

तिसरी पायरी: इंजिनिअर सांगेल तिथे दोन-तीन ठिकाणी फोम आणि पीओपी कापून स्लॅब उघडा करा. जिथे पाणी साचतं, नळाचं तोंड आहे, जुना डाग होता, तिथे. तो हॅमर टेस्ट घेईल, गरज वाटली तर पुढच्या चाचण्या सांगेल. काय दिसलं, काय दुरुस्ती केली, उरलेलं आयुष्य किती, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या.

चौथी पायरी: दुरुस्ती लागली तर आधी दुरुस्ती, तिचे फोटो, मग कापलेल्या जागी फोम आणि कोटिंग परत. ती फाईल व्हॅल्यूअर यायच्या दिवशी टेबलावर ठेवा.

पाचवी पायरी: एका बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. कारण कळलं की दुसऱ्या बँकेकडे तयारी करून जाता येतं. प्रत्येक बँकेचे नियम थोडे वेगळे असतात. पण कारण न सांगता एकदम पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी तुमच्या सिबिलमध्ये नोंदली जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय मशीनला ॲडव्हान्स देऊ नका. द्यावाच लागला तर पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास परत" असं लिहून घ्या.

घर गहाण ठेवायची खरंच गरज आहे का?

हा प्रश्न मी प्रत्येक बॅचमध्ये विचारतो, आणि अर्धी बॅच गप्प होते. लहान धंद्याला दर वेळी घर तारण ठेवावं लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा योजनेत आधीचं तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. सीजीटीएमएसई नावाचा हमी निधी २००० पासून आहे, तो तुमच्या वतीने बँकेला हमी देतो. मशीनच तारण म्हणून धरता येतं. शाखेत हे शब्द उच्चारून विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगायला येणार नाही.

हिशेब करून घरच तारण ठेवायचं ठरलं तर ठेवा. पण पहिले सहा महिने एक रुपयाची विक्री झाली नाही तरी हप्ता कुठून भरणार, ते एका कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर झाला आणि चूक बँकेची असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कुठले कागद दिले त्याची यादी सहीसकट आजच घेऊन ठेवा.

फोमचा धंदा करायचाय त्यांच्यासाठी

आपल्या वाचकांत वॉटरप्रूफिंगचं काम करणारे आहेत, फोमची मशीन घ्यायचा विचार करणारेही आहेत. तुमच्यासाठी यात मोठा धडा आहे. ब्रिटनमध्ये फोमवाल्यांनी गिऱ्हाईक बघितलं, पण गिऱ्हाइकाच्या पुढे उभी असलेली बँक बघितली नाही. नाव खराब झालं ते चांगलं काम करणाऱ्यांचंही.

तुम्ही काम घ्याल तेव्हा चार गोष्टी करा. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, "काका, घर विकायचा किंवा कर्ज काढायचा विचार आहे का?" असेल तर पॅनेल किंवा कोटिंग सुचवा, जरी तुमचा नफा कमी झाला तरी. ओला स्लॅब झाकू नका. आधीचे आणि नंतरचे फोटो, बिल, मालाची माहिती आणि वॉरंटी यांची एक फाईल करून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि आपल्या माणसांना मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंगाचा सूट द्या. फवारणीच्या वेळी आयसोसायनेट श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. दोनशे रुपयांच्या कापडी मास्कने ते थांबत नाही.

ही फाईल द्यायला तुम्हाला खर्च किती? शंभरएक रुपये. पण पाच वर्षांनी व्हॅल्यूअर ती फाईल उघडेल तेव्हा त्यावर तुमचा नंबर असेल. जाहिरात यापेक्षा स्वस्त मिळत नाही.

त्या दादांचं काय झालं?

त्यांनी इंजिनिअर बोलावला. तीन ठिकाणी उघडून बघितलं. दोन ठिकाणी स्लॅब चांगला निघाला. तिसऱ्या ठिकाणी, गच्चीच्या नळाच्या तोंडाजवळ, सळई गंजून काँक्रीट सुटलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली मुलीचा अभ्यासाचा टेबल होता.

दादा मला म्हणाले, "सर, त्या व्हॅल्यूअरवर मी महिनाभर चिडलो होतो. आता वाटतं, बरं झालं तो अडून बसला."

दुरुस्ती झाली, रिपोर्ट आला, कर्जही झालं. वीसऐवजी चौदा लाख मिळाले, कारण पत्र्याची खोली नकाशात नव्हती. दीड लाखाचा ॲडव्हान्स बुडाला, मशीनवाल्याने परत दिला नाही. त्यांनी जुनी मशीन घेऊन सुरुवात केली. आज वहिनी ऑर्डर बघतात, दादा सकाळी नोकरीला जाण्याआधी माल पोहोचवून येतात. नोकरी अजून सोडलेली नाही, आणि मीही त्यांना सोडा म्हटलेलं नाही.

आजचा गृहपाठ

या रविवारी गच्चीवर जा. छत वरून आणि खालून दोन्हीकडून किती दिसतंय ते बघा. जे दिसतं त्याचे फोटो काढा. मग कपाटातून खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, करपावती आणि छताच्या कामाचं बिल काढून एका फाईलमध्ये लावा. यातलं काय सापडत नाही ते पहिल्या पानावर लिहा. तीच तुमच्या कर्जाच्या तयारीची पहिली यादी.

पुढच्या व्हिडिओत आपण मंजुरीचं पत्र ओळीओळीने वाचायला शिकू. त्यात बारीक अक्षरात काय काय लपलेलं असतं ते तिथे बघू.

तोपर्यंत, मशीनच्या दुकानात जायच्या आधी एकदा गच्चीवर जाऊन या. भेटू पुढच्या भागात!